कार्यकारणभाव आणि प्रयोगरचना : बंगालच्या ग्रामपंचायतींचे एक उदाहरण

१

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की पाहणारा कावळ्याला दोष देतो. ही म्हण ज्या लोकबुद्धीने घडविली तिला कार्यकारणविवेचनातील मुख्य अडचण चांगली ठाऊक होती. दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. फांदी आधीच किडलेली असेल, वारा सुटला असेल, किंवा दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने एका क्षणी घडल्या असतील. तरीही ज्या घटनांत आपले हित वा अहित गुंतलेले असते तेथे आपण ही म्हण सोयीने विसरतो. एखादी योजना सुरू झाली आणि गावाची स्थिती सुधारली, की योजनेचा जयजयकार होतो. स्थिती बिघडली, की तिच्यावर खापर फुटते. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकाचे काम या दोहोंपेक्षा निराळे आहे. सुधारणा झाली खरी, पण ती योजनेमुळे झाली काय, आणि हे आपणास कशावरून कळले, एवढाच त्याचा प्रश्न असतो. प्रश्न लहान दिसतो. त्याच्या उत्तरावर मात्र लाखो लोकांसाठी आखलेल्या धोरणांचे भवितव्य अवलंबून असते.

भौतिक शास्त्रांत या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळते. प्रयोगशाळेत इतर सर्व गोष्टी स्थिर ठेवून एकच बदलता येते. माणसांच्या समूहाविषयी हे शक्य नाही, म्हणून सामाजिक शास्त्रांत प्रयोगाला स्थान नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती कितपत खरी आणि कितपत अपुरी आहे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचनासाठी उदाहरणे मुख्यतः बंगालमधील घेतली आहेत. या विषयाच्या इतिहासात कलकत्त्याचे स्थान मोठे आहे, आणि त्या इतिहासाचे काही धागे महाराष्ट्राशीही जुळलेले आहेत.

२

‘कारण’ कशास म्हणावे, याची अत्यंत सूक्ष्म चर्चा आपल्याकडे नैयायिकांनी केली. नव्यन्यायाचे एक प्रमुख पीठ नवद्वीप येथे, म्हणजे आजच्या कलकत्त्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी होते. कार्याच्या पूर्वी जे नियमाने असते आणि जे ‘अन्यथासिद्ध’ नसते ते कारण, असे या शास्त्राचे सांगणे आहे. यातील ‘अन्यथासिद्ध’ हा शब्द आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. घट तयार होण्यापूर्वी कुंभार, माती, चाक आणि दंड असतात. त्याचबरोबर दंडाचा रंग असतो, कुंभाराचा पिता कधी काळी झालेला असतो, आणि माती वाहून आणणारे गाढवही असते. पण रंग, पिता किंवा गाढव यांना घटाचे कारण म्हणून कोणी मोजत नाही. ती पूर्वी होती हे खरे; परंतु त्यांच्यावाचून घटाची उपपत्ती लागते.

अनुमानाच्या चर्चेतील ‘उपाधी’ची कल्पनाही तितकीच उपयुक्त आहे. जेथे अग्नी तेथे धूर, हा नियम खरा नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. अग्नीला ओल्या इंधनाचा संयोग घडला तरच धूर निघतो. हा ओल्या इंधनाचा संयोग म्हणजे उपाधी. ती ध्यानात आली नाही, तर दोन गोष्टींचे साहचर्य पाहून आपण चुकीचा नियम बांधतो.

आधुनिक संशोधनपद्धतीत ज्यांना गोंधळ माजविणारे किंवा प्रच्छन्न चल म्हणतात ते या उपाधीचे दूरचे नातलगच होत. समजा, एखाद्या जिल्ह्यात ज्या गावांनी आपण होऊन स्त्रीला सरपंच निवडले त्या गावांत पिण्याच्या पाण्याची सोय अधिक चांगली आढळली. यावरून स्त्री-सरपंचामुळे पाणी आले असे म्हणता येईल काय? ज्या गावात शिक्षण अधिक, एखादी चळवळ होऊन गेलेली आणि जातीजातींतील तेढ कमी, तेच गाव स्त्रीला निवडील आणि तेच नळयोजनाही पदरात पाडून घेईल. येथे स्त्री-सरपंच हे घटाचे चाक आहे की माती वाहणारे गाढव, हे नुसत्या साहचर्यावरून कळणार नाही.

अडचणीचे मूळ आणखी खोल आहे. ‘यामुळे ते झाले’ असे म्हणताना ‘हे नसते तर ते झाले नसते’ असेही आपण म्हणत असतो. पण ‘हे नसते तर’ ही स्थिती कोणी पाहिलेली नसते. एकच गाव एकाच वर्षी स्त्री-सरपंचाच्या आणि पुरुष-सरपंचाच्या अशा दोन्ही कारभारांखाली असू शकत नाही. अन्वय डोळ्यांपुढे असतो. व्यतिरेक मात्र दुसरीकडून उसना आणावा लागतो. संशोधनाची सगळी रचना म्हणजे हा व्यतिरेक कोठून आणि कसा आणावा याची रचना होय.

३

व्यतिरेक उसना आणण्याचा एक मार्ग तुलनेचा. त्याचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी ‘ऑपरेशन बर्गा’च्या उदाहरणात स्पष्ट दिसतात. पश्चिम बंगालमध्ये १९७८ साली बर्गादारांची, म्हणजे वाट्याने शेती कसणाऱ्या कुळांची, नोंदणी करण्याची मोहीम सुरू झाली. नोंदणी झालेल्या बर्गादाराला जमिनीवरून सहजासहजी काढता येत नव्हते, आणि पिकातील त्याचा कायदेशीर वाटाही ठरलेला होता. एकंदरीत चौदा लाखांहून अधिक बर्गादारांची नोंद झाली. पुढे १९८०च्या दशकात राज्याच्या भाताच्या उत्पादनात लक्षणीय वाढ झाली. ही वाढ बर्गेमुळे झाली काय?

होय म्हणण्यास आधार आहे. ज्याला उद्या जमीन राहील याची शाश्वती आहे आणि पिकाचा मोठा वाटा ज्याच्या घरी जाणार आहे, तो अधिक कष्ट करील आणि जमिनीत अधिक पैसा घालील. पण याच वर्षांत उथळ नलिकाकूप वाढले, उन्हाळी ‘बोरो’ भाताचे क्षेत्र वाढले, आणि १९७८च्या निवडणुकांनंतर पंचायतींच्या हाती नवी साधने आली. शिवाय जेथे शेतकरी संघटना बळकट होती तेथे नोंदणी लवकर झाली असेल, तर त्या भागांत इतर सुधारणाही लवकर झाल्या असणे संभवते. अग्नीबरोबर येथे ओले इंधन एक नव्हे, चार प्रकारचे आहे.

अभिजित बॅनर्जी, पॉल गर्टलर आणि मैत्रीश घटक यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गुंत्यातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. माती, हवामान आणि पीकपद्धती यांबाबत पश्चिम बंगालला सर्वांत जवळचा प्रदेश म्हणजे बांगलादेश, आणि तेथे अशी सुधारणा झालेली नव्हती. म्हणून त्यांनी एकीकडे दोन्ही प्रदेशांतील उत्पादकतेच्या वाढीची तुलना केली. दुसरीकडे पश्चिम बंगालच्याच ज्या जिल्ह्यांत नोंदणी अधिक झाली आणि ज्यांत कमी झाली त्यांची तुलना केली. सुधारणेमुळे उत्पादकता वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे. तरीही वाचकाच्या मनात एक शंका राहतेच. १९४७ नंतर या दोन प्रदेशांची राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था निरनिराळ्या वाटांनी गेल्या. मग शेजाऱ्याचा व्यतिरेक आपला म्हणून कितपत चालवावा? ही शंका आकडे वाढवून फिटत नाही, कारण तिचा उगम तुलनेच्या जातीतच आहे.

४

आता दुसरे उदाहरण पाहू. १९९२ साली संमत होऊन १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील एकतृतीयांश जागा आणि अध्यक्षपदे स्त्रियांसाठी राखून ठेवली. पश्चिम बंगालमध्ये प्रधानपदाचे, म्हणजे आपल्याकडील सरपंचपदाच्या जोडीच्या पदाचे, आरक्षण १९९८च्या निवडणुकीपासून लागू झाले. तेथील ग्रामपंचायत अनेक गावांची मिळून असते, आणि तिची लोकसंख्या साधारणतः दहा हजारांच्या घरात असते.

कोणती पंचायत राखीव ठेवावी हे पुढाऱ्यांवर सोपविले असते, तर काय झाले असते याची कल्पना करणे अवघड नाही. विरोधकाच्या हातची पंचायत राखीव झाली असती, आणि स्वतःची मोकळी राहिली असती. ते टळले नियमामुळे. जिल्ह्यातील पंचायतींची आधीपासून क्रमांकवार यादी होती. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि सर्वसाधारण असे तिचे तीन भाग पाडून, प्रत्येक भागातील पहिल्या क्रमांकापासून दर तिसरी पंचायत १९९८ साली स्त्रियांसाठी राखीव झाली. पुढच्या खेपेस दुसऱ्या क्रमांकापासून आरंभ करावयाचा होता. काटेकोरपणे बोलायचे तर ही सोडत नव्हे; परंतु गावाचा अनुक्रमांक आणि तेथील विहिरींची संख्या यांचा परस्परांशी संबंध असण्याचे कारण नाही, म्हणून परिणाम सोडतीसारखाच झाला.

कायदा करणाऱ्यांचा हेतू न्याय्य वाटपाचा होता, संशोधनाचा नव्हता. पण त्यातून नकळत एक विशाल प्रयोग उभा राहिला. तो प्रयोग म्हणून वाचण्याचे काम कलकत्त्यातील भारतीय प्रबंध संस्थेचे प्राध्यापक राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांनी केले. त्यांनी शांतिनिकेतन ज्या जिल्ह्यात आहे त्या बीरभूमची निवड केली, आणि २००० साली तेथील १६१ ग्रामपंचायतींची पाहणी केली. तुलनेसाठी राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातही पाहणी झाली. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

या अभ्यासाची रचना पायरीपायरीने पाहण्याजोगी आहे. पहिली पायरी पडताळणीची. आरक्षणापूर्वी, म्हणजे १९९१च्या जनगणनेच्या वेळी, राखीव आणि बिनराखीव पंचायती एकमेकींसारख्या होत्या काय हे तपासण्यात आले, आणि त्या तशा आढळल्या. दुसरी पायरी स्त्रियांना आणि पुरुषांना काय हवे आहे हे स्वतंत्रपणे जाणून घेण्याची. यासाठी नुसते मत विचारण्याऐवजी त्यांनी प्रधानाकडे प्रत्यक्ष कोणत्या मागण्या आणि तक्रारी नेल्या त्यांची नोंद घेण्यात आली. बीरभूममध्ये स्त्रियांच्या मागण्यांत पिण्याचे पाणी आणि रस्ते यांना अधिक स्थान होते. रस्त्यांच्या कामावर तेथे स्त्रियांना मजुरी मिळत असे, हे यामागील एक कारण. उदयपूरला मात्र स्त्रियांना पाणी आणि पुरुषांना रस्ते अधिक हवे होते. तिसरी पायरी गावात प्रत्यक्ष काय बांधले आणि काय दुरुस्त केले गेले हे मोजण्याची.

निष्कर्ष असा निघाला : राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर दोन्ही जिल्ह्यांत अधिक खर्च झाला. रस्ते बीरभूमच्या राखीव पंचायतींत अधिक चांगले आढळले, तर उदयपूरच्या राखीव पंचायतींत त्यांकडे लक्ष कमी गेले. म्हणजे ज्या जिल्ह्यात स्त्रियांची जी मागणी होती तिच्याकडे कारभार वळला. एका दिशेचा परिणाम दाखविणाऱ्या पुराव्यापेक्षा, कारण बदलताच दिशाही बदलते असे दाखविणारा पुरावा अधिक बळकट असतो. ‘बाई नावाला, कारभार नवऱ्याचा’ असे जे सर्रास बोलले जाई, त्याला हे उत्तर होते. नवराच कारभार करीत असता, तर राखीव आणि बिनराखीव पंचायतींत असा पद्धतशीर फरक पडण्याचे कारण नव्हते.

५

सोडतीने नेमके काय साधले? तिने आरक्षण आणि गावाचा पूर्वेतिहास यांतील नाते तोडले. शिक्षण, चळवळ, जातीय संबंध यांपैकी जे आपणास मोजता येते तेच नव्हे, तर जे मोजता येत नाही आणि ज्याची आपणास कल्पनाही नाही, तेही दोन्ही गटांत सरासरीने सारखे वाटले जाते. उपाधी कोणकोणत्या आहेत हे ठाऊक नसतानाही त्यांच्यापासून संरक्षण मिळते, हेच यादृच्छिक वाटपाचे मर्म. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली प्रयोगरचनेवरील आपल्या ग्रंथात हा विचार मांडला. १९३८च्या आरंभी ते कलकत्त्यास संख्याशास्त्रीय परिषदेसाठी आलेही होते.

योगायोगाची शंका मात्र उरते. तिचे उत्तरही सोडतीतच असते. समजा, सहा गावांतून तीन गावे चिठ्ठ्या टाकून निवडली. अशी निवड २० प्रकारांनी होऊ शकते. आरक्षणाचा काहीच परिणाम नसेल, तर सर्वाधिक विहिरींची तीन गावे नेमकी राखीव निघण्याचा संभव विसात एक. तसे घडले तर ‘कावळ्याची फांदी’ म्हणून सोडून देणे जरा कठीण होते. पण विसात एक हा पुरावा फार भक्कमही नव्हे. गावे सहाऐवजी १६१ असली, की निवडीच्या प्रकारांची संख्या कल्पनेपलीकडे वाढते, आणि पद्धतशीर फरक योगायोगाच्या माथी मारणे अधिकाधिक अवघड होते. योगायोग नाहीसा होत नाही. तो मोजता येतो, एवढेच. आणि एवढे पुष्कळ आहे.

६

पण संख्या वाढविली म्हणजे सर्व दोष जातात, असा समज कोणी करून घेऊ नये. या बाबतीत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा इतिहास उद्बोधक आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या या संस्थेने १९३७पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. तेव्हा महालनोबिस यांनी ओळखले की, चूक दोन प्रकारची असते. एक नमुना लहान असल्यामुळे होणारी. ती नमुना वाढवून कमी होते. दुसरी माहिती गोळा करणाऱ्या माणसामुळे होणारी. ती नमुना वाढविल्याने घटत नाही, केवळ अधिक खात्रीची दिसू लागते. म्हणून त्यांनी एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र नमुने एकमेकांत गुंफून घेण्याची आणि ते निराळ्या पाहणीदारांवर सोपविण्याची पद्धत काढली. दोन्ही नमुने एकाच क्षेत्राचे. त्यांची उत्तरे फार भिन्न आली, तर कारण पिकात नसून पाहणीदारांत आहे हे उघड होते. पाहणीच्या पोटात घातलेला हा एक लहानसा प्रयोगच होय.

पुढे १९४०च्या दशकात पीककापणीच्या तुकड्याचा आकार किती असावा यावरून महालनोबिस आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात गाजलेला वाद झाला. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, आणि लंडनहून संख्याशास्त्र शिकून आलेले. लहान तुकडे पुष्कळ संख्येने घेतल्यास खर्चाच्या मानाने अधिक माहिती मिळते, असे महालनोबिस यांचे गणित होते. लहान तुकड्यांत उत्पन्न नियमाने अधिक मोजले जाते, असे सुखात्मे यांनी शेतांवर निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून दाखविले. कारण साधे आहे. रेषेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की माणसाचा हात आत धरण्याकडे झुकतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी.

हे गणिताने पडताळता येते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाची त्रिज्या चुकून एक इंचाने वाढली, तर क्षेत्र सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळात तीच चूक एक टक्काही फरक पाडीत नाही. अशी दहा हजार लहान वर्तुळे मोजली, तरी सरासरी साडेआठ टक्क्यांनी चढीच राहणार. आज आपल्याकडे अनेक पिकांसाठी पीककापणी प्रयोगात पाच मीटर लांबीरुंदीचा तुकडा घेतात, आणि शेतकऱ्याला पीकविम्याची भरपाई मिळेल की नाही हे या प्रयोगांवर ठरते. तेव्हा हा वाद केवळ पंडितांचा होता असे म्हणता येत नाही. त्यातून मिळणारा धडा असा की, यादृच्छिकता निवडीतील दोष घालविते. मोजमापातील दोष घालविण्यासाठी निराळी रचना करावी लागते.

७

बीरभूमच्या अभ्यासाकडे पुन्हा वळून त्याच्या मर्यादा पाहिल्या पाहिजेत, कारण पद्धतीवरील श्रद्धा ही पद्धतीची समज नव्हे.

पहिली मर्यादा ‘कारण’ नेमके कोणते याविषयीची. सोडतीने वाटले गेले ते ‘आरक्षण’, ‘स्त्रीत्व’ नव्हे. राखीव पंचायतींतील प्रधान स्त्रिया होत्या, त्याचबरोबर त्या कारभारात नवख्या होत्या आणि सरासरीने कमी शिकलेल्या व गरीब होत्या. शिवाय पुढील खेपेस आरक्षण हलणार असल्याने पुन्हा निवडून येण्याची आशाही त्यांना कमी होती. पाण्यावरचा खर्च यांपैकी कशामुळे वाढला? संशोधकांनी नवखे पुरुष प्रधान इत्यादींशी ताडून पाहिले, आणि या गोष्टींनी फरकाचा उलगडा होत नाही असा निर्वाळा दिला. तो पटण्याजोगा आहे. पण वाचकाने हे ध्यानात ठेवावे की, विवेचनाचा हा भाग पुन्हा तुलनेवर उभा आहे, सोडतीवर नाही.

दुसरी मर्यादा निष्कर्षाच्या व्याप्तीची. बीरभूममध्ये जे खरे ते सर्वत्र खरे असेल असे नाही. दक्षिणेकडील चार राज्यांतील पंचायतींचा अभ्यास रादू बान आणि विजयेंद्र राव यांनी २००८ साली प्रसिद्ध केला; त्यांना राखीव आणि बिनराखीव पंचायतींच्या कारभारात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दोन निष्कर्षांतील विसंगती ही पद्धतीची नामुष्की नव्हे. कोणती परिस्थिती हे येथील ओले इंधन, असा नवा प्रश्न त्यातून उभा राहतो.

तिसरी मर्यादा काळाची. काही परिणाम लगेच दिसत नाहीत. बीरभूममध्येच २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकच भाषण स्त्रीच्या आणि पुरुषाच्या आवाजात ऐकवून गावकऱ्यांचे मत विचारण्यात आले. स्त्री-प्रधानाचा अनुभव नसलेल्या गावांत पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील भाषणास कमी लेखले. अनुभव असलेल्या गावांत हा पूर्वग्रह ओसरला होता. पुरुष पुढारीच बरा, ही मनाची ओढ मात्र फारशी बदललेली नव्हती. २०१२ सालच्या अभ्यासात ४९५ गावांतील ११ ते १५ वर्षांच्या मुलामुलींच्या आकांक्षा तपासण्यात आल्या. ज्या गावांत दोन खेपा स्त्री-प्रधान होती तेथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या पालकांच्या आकांक्षांतील तफावत २५ टक्क्यांनी, आणि मुलांच्या स्वतःच्या आकांक्षांतील तफावत ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणातील तफावत तर उरलीच नव्हती. २००० साली पाहणी करून थांबणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

चौथी अडचण माणसाच्या स्वातंत्र्याची. मुर्शिदाबाद जिल्ह्यात ‘बंधन’ या संस्थेने अतिदरिद्री कुटुंबांना जनावरे, काही काळ निर्वाहभत्ता आणि प्रशिक्षण देण्याची योजना राबविली. कोणाला द्यावयाचे हे सोडतीने ठरले. परंतु निवड झालेल्यांपैकी जेमतेम निम्म्या कुटुंबांनी ती स्वीकारली. आता केवळ स्वीकारणाऱ्यांची इतरांशी तुलना केली, तर सोडतीचा सारा लाभ वाया जातो. कारण स्वीकारणारे आपण होऊन निराळे झालेले असतात. म्हणून निवडलेल्या सर्वांची न निवडलेल्या सर्वांशी तुलना करावी लागते. परिणाम थोडा फिका दिसतो, पण तो खरा असतो. या योजनेचा लाभ त्या रीतीने मोजूनही पुढे दहा वर्षांपर्यंत टिकून असल्याचे आढळले.

अखेरची मर्यादा सर्वांत गंभीर आहे. काही कारणांची सोडत करता येत नाही, आणि करूही नये. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्याचे कारण शोधण्यासाठी कोणी प्रयोग करणार नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात जुन्या अन्वय-व्यतिरेकानेच काम केले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९४३ साली बंगालमधील धान्याची उपलब्धता आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होती, आणि दुष्काळ न पडलेल्या १९४१ सालापेक्षा ती सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होती. अधिक धान्य असताना माणसे मेली आणि कमी असताना वाचली, तर धान्याची तूट हे पुरेसे कारण नव्हे. शोध मग मजुरी, भाव आणि धान्य मिळविण्याचे सामर्थ्य यांच्याकडे वळतो. मूळ आकड्यांच्या विश्वासार्हतेवर पुढे वाद झाले. तरी विचाराची रीत नमुनेदार आहे. प्रयोग हे कार्यकारणशोधाचे एक साधन आहे. ते सर्वस्व नाही.

८

२०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक बॅनर्जी, दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले, तेव्हा सामाजिक शास्त्रांतील प्रयोगांची चर्चा वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. अभिजित विनायक बॅनर्जी हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या मातोश्री, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर. याचे कौतुक महाराष्ट्रात झाले ते साहजिक होते. पण कौतुकापेक्षा अनुकरण अधिक हिताचे.

अनुकरणाला साधने आपल्या दाराशी आहेत. मुंबई महानगरपालिकेत १९९७ साली स्त्रियांसाठी राखीव असलेले प्रभाग २००२ साली खुले झाले. जे प्रभाग आधी राखीव नव्हते त्यांच्या तुलनेत या प्रभागांतून स्त्री निवडून येण्याचा संभव सुमारे पाचपट होता, असे रिखिल भावनानी यांनी २००९ साली दाखविले. आरक्षण उठल्यावरही त्याचे फळ मागे राहते, हे त्यातून कळले. आजही सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा तहसील कार्यालयात एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी उचलली जाते. पुढारी गावाचे नाव ऐकण्यास कान टवकारतात, आणि थोड्या वेळात सभागृह रिकामे होते. त्या चिठ्ठीने एका गावाचा कारभार बदलतो. त्याचबरोबर ‘हे नसते तर’ या प्रश्नाचे अर्धे उत्तरही ती लिहून ठेवते. उरलेले अर्धे उत्तर गावोगाव जाऊन विहिरी, रस्ते आणि पटावरील मुली मोजणाऱ्या अभ्यासकाने लिहावयाचे असते. फांदी कावळ्याने मोडली की नाही, हे ठरविण्यासाठी झाडाजवळ जावेच लागते.